अरणगावचं मौन, लंडनची रेकॉर्ड

गेल्या पावसाळ्यात आमच्या सावेडीच्या घरी पोस्टमननं एक चपटं, चौकोनी खोकं आणून दिलं. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्यानं ते जर्मनीहून मागवलं होतं. त्याच्या भाड्याच्या खोलीवर दिवसा कुणी नसतं, म्हणून पत्ता मामाचा. शनिवारी तो आला आणि खोकं उघडलं. आत बारा इंची एक रेकॉर्ड आणि एक कॅसेट. रेकॉर्डच्या लेबलावर कलावंताचं नाव जवळजवळ वाचताच येऊ नये असं छापलेलं. कॅसेटच्या कागदावर हातानं अंक घातलेला: तीनशेपैकी एकशेबारावी प्रत. मला वाटलं, जुन्या बाजारातलं काहीतरी असेल. तर तसं नाही. दोन्ही त्याच महिन्यात निघालेली, कोरी करकरीत.

माझ्याकडे वडिलांच्या वेळचा रेकॉर्ड प्लेअर अजून चालू आहे. त्यावर रेकॉर्ड लावली. पहिली दोन मिनिटं मी सुई अडकली असं समजून बसलो होतो. खाली एक जाड ठोका, एकसारखा, मोजून चार मात्रांचा. वर एकच धूसर स्वरमेळ अधूनमधून उमटतो, त्याचे पडसाद एकात एक मिसळत विरतात, तोवर तोच पुन्हा. गाणारं कुणी नाही. याला डब टेक्नो म्हणतात, असं भाच्यानं सांगितलं. कॅसेटवर होतं ते इलेक्ट्रो. त्यातही यंत्राचाच ठेका, पण तो सरळ न चालता अडखळत, झटके देत जाणारा. मला पहिलं बरं वाटलं, दुसरं नाही. वयाचा भाग असेल.

मग तो म्हणाला, ‘‘मामा, या सगळ्याचं मूळ आपल्या नगरात आहे, ठाऊक आहे का तुम्हाला?’’

हा लेख त्या एका वाक्याच्या तपासाचा आहे. आमच्या शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण तोंडात नुसतं नगरच येतं. आणि नगरचा मोठेपणा कुणी सांगितला की नगरकराची छाती फुगतेच. मात्र शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवल्यामुळे मला एक खोड लागली आहे: छाती फुगली की लगेच पुरावा मागावासा वाटतो.

भाच्याचा पुरावा असा होता. इंग्लंडच्या ‘द हू’ या रॉक बँडनं ऑगस्ट १९७१ मध्ये ‘हूज नेक्स्ट’ ही रेकॉर्ड काढली. तिच्यातलं पहिलंच गाणं ‘बाबा ओ’रायली’. त्याच्या सुरुवातीला एक छोटी स्वराकृती यंत्रवत, न थकता फिरत राहते आणि बाकीची वाद्यं मग तिच्यावर येऊन बसतात. लोकप्रिय संगीतात यंत्राच्या आवर्तनावर अख्खं गाणं उभं करण्याची ही सुरुवात, असं पुष्कळांना वाटतं. आणि यातले ‘बाबा’ म्हणजे अरणगावचे मेहेरबाबा. गाणं रचणाऱ्या पीट टाउनशेंडनं बाबांच्या शरीराची मोजमापं, नाडी वगैरे माहिती यंत्रात घातली आणि यंत्रानं त्यातून ती स्वराकृती काढली, अशी ही गोष्ट जगभर सांगितली जाते.

गोष्ट फारच सुंदर आहे. म्हणूनच जरा मागून सुरुवात करतो.

नगरहून दौंड रस्त्यानं निघालं की दहा किलोमीटरच्या आत अरणगाव लागतं. गावाजवळ रेल्वेमार्गाला लागून मेहेराबाद आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इथं लष्करी छावणी होती. ती उठून गेल्यावर पडक्या इमारती उरल्या होत्या. १९२३ साली मेरवान शेरियार इराणी हा पुण्यात वाढलेला एकोणतीस वर्षांचा पारशी तरुण आपल्या सोबत्यांसह इथं आला. त्याचे पाय नगर जिल्ह्याला आधीच लागलेले होते. १९१५ मध्ये तो शिर्डीला साईबाबांकडे गेला होता आणि नंतर साकोरीला उपासनी महाराजांकडे राहिला होता. पुढे लोक त्याला मेहेरबाबा म्हणू लागले. १० जुलै १९२५ ला त्यांनी मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवीपर्यंत ते मोडलं नाही. आधी अक्षरफळ्यावर बोट फिरवून आणि १९५४ पासून केवळ हातवाऱ्यांनी ते सांगत आणि जवळची माणसं ते मोठ्यानं बोलून दाखवत. ते अवतार होते की नव्हते हा या लेखाचा विषय नाही. माझ्या विषयाला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची आहे. त्यांचा आवाज कुठल्याही तबकडीवर किंवा फितीवर नाही.

मौन धरलं तरी त्यांना गाण्याची आवड होती. तरुणपणी ते स्वतः चांगले गात. कव्वाली त्यांना प्रिय होती. पण आवडीच्या यादीत अनपेक्षित नावंही आहेत. अमेरिकेच्या जिम रीव्ह्जचं एक विरहगीत त्यांना आवडे, आणि कोल पोर्टरचं १९३५ सालचं ‘बिगिन द बिगीन’ तर विशेष. फेब्रुवारी १९६९ मध्ये मेहेराबादच्या टेकडीवरच्या समाधीत त्यांचा देह ठेवताना, त्यांच्याच इच्छेप्रमाणे, या गाण्याची रेकॉर्ड लावली गेली. नगर तालुक्यातली कोरडी माळरानाची टेकडी, जमलेली खेड्यातली आणि परदेशातली माणसं, आणि ब्रॉडवेसाठी लिहिलेलं एक नृत्यगीत. आमच्या जिल्ह्याच्या ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात याहून विलक्षण प्रसंग मला तरी ठाऊक नाही.

टाउनशेंड मेहेरबाबांना कधीच भेटला नाही. १९६७ मध्ये माइक मॅकइनर्नी या चित्रकार मित्रामुळे त्याला बाबांबद्दल कळलं. त्या वर्षांत लंडन-अमेरिकेतले तरुण एलएसडीच्या गोळ्यांत साक्षात्कार शोधत होते आणि मेहेरबाबांनी मात्र या गोळ्यांना स्पष्ट विरोध केला होता. टाउनशेंडनं ते मानलं आणि १९७० मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकात लेख लिहून जाहीरही केलं. १९६९ च्या ‘टॉमी’ या रेकॉर्डच्या वेष्टणावर, वादक कोण, निर्माता कोण या नामावळीतच मेहेरबाबांचं नाव छापलेलं आहे. १९७२ च्या सुरुवातीला तो मेहेराबादला येऊन गेला. नगरच्या कापडबाजारात तेव्हा त्याला कुणी ओळखलं असेल असं वाटत नाही. मी तेव्हा सहावीत होतो. आमच्या लेखी इंग्रजी गाणं म्हणजे लग्नातल्या बँडवाल्यांनी वाजवलेलं काहीही.

याच काळात टाउनशेंडनं एक गोष्ट केली जिच्याकडे रॉकचे इतिहासकार घाईनं पाहतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. बाबांच्या जन्मदिवसानिमित्त, फेब्रुवारी १९७० मध्ये, त्यानं आणि लंडनमधल्या बाबाप्रेमी मित्रांनी ‘हॅपी बर्थडे’ नावाची एक रेकॉर्ड स्वतःच काढली. कुठल्या मोठ्या कंपनीनं नाही, जाहिरात नाही, दुकानांच्या साखळीत विक्री नाही. थोड्या प्रती, ज्यांना हव्या त्यांच्यासाठी. तिच्यात ‘बिगिन द बिगीन’ आहे. १९७२ मध्ये ‘आय अॅम’ आणि १९७६ मध्ये ‘विथ लव्ह’ या दोन अशाच रेकॉर्डी निघाल्या. अमेरिकेत पहिल्या रेकॉर्डीच्या चोरून छापलेल्या प्रती फिरू लागल्या, तेव्हा तिथल्या कंपनीनं टाउनशेंडकडे अधिकृत रेकॉर्डचा आग्रह धरला. त्यातून १९७२ ची ‘हू केम फर्स्ट’ आली. तिच्यात जिम रीव्ह्जचं ते विरहगीत आहे आणि मेहेरबाबांच्या ‘परवरदिगार’ प्रार्थनेला दिलेली चालही आहे. म्हणजे क्रम असा, की आधी खासगी प्रत, मग चोरटी प्रत, मग कंपनीची प्रत. कॅसेटच्या जमान्यात जगलेल्या आपल्याला हा क्रम ओळखीचा वाटावा.

आता मूळ गाण्याकडे येऊ. १९७१ साली टाउनशेंड ‘लाइफहाउस’ नावाच्या एका मोठ्या नाट्यप्रकल्पात गुंतला होता. प्रत्येक माणसाची माहिती यंत्रात घालायची आणि यंत्रानं त्या माणसाचं असं संगीत तयार करायचं, ही त्यातली मध्यवर्ती कल्पना. मेहेरबाबांच्या माहितीतून संगीत काढण्याचा विचार इथलाच. पण तो प्रकल्प त्या वेळी कोसळला आणि उरलेल्या गाण्यांतून ‘हूज नेक्स्ट’ बनली. आपण ऐकतो ती सुरुवातीची फिरती स्वराकृती सिंथेसायझरची नाही आणि कुणाच्या नाडीचीही नाही. ती लॉवरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनवर वाजवलेली आहे. दिवाणखान्यात ठेवून हौशी माणसांनी वाजवावा असा तो ऑर्गन होता. त्यात ‘मारिंबा रिपीट’ नावाची एक सोय होती. ती चालू करून बोटं दाबून धरली की यंत्र ते स्वर आपणहून टकटक करत राही. टाउनशेंडनं घरच्या स्टुडिओत हे बराच वेळ वाजवून मुद्रित केलं. ‘आय अॅम’ या खासगी रेकॉर्डीवर त्याचं गाण्याविना, केवळ वाद्यांचं, नऊ मिनिटांहून मोठं रूप आहे. माणसाच्या माहितीतून संगीत काढण्याची कल्पना त्यानं सोडली नाही. ती प्रत्यक्षात आली २००७ मध्ये, संगणकाच्या मदतीनं. तोवर गाण्याला छत्तीस वर्षं झाली होती.

तेव्हा नाडीची गोष्ट गेली. बाबांचं नाव गाण्यात आहे, बाबा त्या स्वरांत नाहीत.

पण ‘ओ’रायली’ कोण? टेरी रायली, कॅलिफोर्नियाचा रचनाकार. त्याची १९६४ ची ‘इन सी’ ही रचना त्रेपन्न छोट्या स्वरवाक्यांची. वादकांनी प्रत्येक वाक्य हवं तितक्या वेळा वाजवायचं आणि पुढे सरकायचं. त्याच्याही आधी, १९६३ मध्ये, पॅरिसला तो टेपचे तुकडे टोकाला टोक जोडून गोल फिरवत होता, म्हणजे तेच तेच वाजत राहतं. १९६९ च्या ‘अ रेनबो इन कर्व्हड एअर’ मध्ये त्यानं विजेवरच्या ऑर्गनवर एकट्यानं थर रचले. टाउनशेंडला आवर्तनाची भूल पडली ती इथून. गाण्याच्या नावात दोन ऋणं आहेत, एक मनाचं आणि एक कानाचं. कानाचं ऋण रायलीचं आहे.

रायलीमागे भारत होता का, असा प्रश्न साहजिकच येतो. इथं माझा मोह दुसऱ्यांदा जागा झाला. रायली पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शागीर्द. त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले, मिरजेतच त्यांची कबर आहे. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने ही त्यांची मुलं. म्हणजे जगातल्या यंत्रसंगीताचं एक टोक मिरजेच्या तंबोऱ्याला बांधता येईल! एक आख्खी रात्र मी या आनंदात काढली. सकाळी सनावळ्या मांडल्या. रायली प्राणनाथांकडे आला १९७० मध्ये. फिरत्या टेपा १९६३ च्या, ‘इन सी’ १९६४ ची. गुरू भेटण्याआधी सहा-सात वर्षं शिष्याचं मुख्य काम झालेलं होतं. तंबोऱ्यानं त्याला पुढे पुष्कळ दिलं असेल, आवर्तन मात्र टेपरेकॉर्डरनं दिलं होतं.

आता उलट्या बाजूनं, भाच्याच्या रेकॉर्डपासून मागे जाऊ. डब टेक्नोतला ‘डब’ जमैकाचा. आपल्याकडे डबिंग म्हणजे चित्रावर आवाज चढवणं, तिथं डब म्हणजे जवळजवळ आवाज उतरवणं. किंग्स्टनमध्ये किंग टबी हा रेडिओ दुरुस्त करणारा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा, लाउडस्पीकरची यंत्रणा चालवणारा माणूस होता. आपल्या माळीवाड्यातल्या एखाद्या मंडप-स्पीकरवाल्याचाच भाऊबंद म्हणा ना. सत्तरच्या दशकात तो आधीच मुद्रित झालेल्या गाण्यातला गायक काढून टाकी, कधी एखादा शब्द क्षणभर आणून पुन्हा बुडवी, ढोल आणि बेस मोठे करी, बाकीच्यावर पडसाद सोडी. रेकॉर्डीच्या एका बाजूला गाणं आणि दुसऱ्या बाजूला त्या गाण्याचं हे पोखरलेलं रूप, असा रिवाजच पडला. १९९३ मध्ये बर्लिनला मार्क अर्नेस्टस आणि मॉरिट्झ फॉन ओस्वाल्ड या दोघांनी ‘बेसिक चॅनल’ या नावानं रेकॉर्डी काढायला सुरुवात केली. टबीचे पडसाद त्यांनी टेक्नोच्या चार मात्रांत सोडले. लेबलं मुद्दाम अस्पष्ट, मुलाखती जवळजवळ नाहीत. अर्नेस्टसचं रेकॉर्डचं दुकान होतंच. पुढे त्यांनी तबकड्या कापण्याचा स्वतःचा कारखानाही काढला. तबकडीवर खोल, जाड बेस उमटवायचा तर खाच रुंद लागते, एका बाजूवर कमी मिनिटं मावतात आणि बेस दोन्ही कर्ण्यांत सारखा ठेवावा लागतो, नाहीतर सुई उडते. हे संगीत तबकडीच्या या अडचणी समोर ठेवूनच रचलं गेलं. नव्या रेकॉर्डी आजही निघतात याचं कारण मला त्या दिवशी कळलं. ती केवळ जुन्याची हौस नाही.

आणि रायली? तोही बर्लिनला पोचतो. मॅन्युएल गॉटशिंगनं डिसेंबर १९८१ मध्ये बर्लिनच्या आपल्या स्टुडिओत रायलीच्या वळणाची, जवळजवळ तासभराची एक रचना एका बैठकीत मुद्रित केली. ‘ई२-ई४’ या नावानं ती १९८४ मध्ये रेकॉर्ड म्हणून आली. दहा वर्षांनी डेट्रॉइटच्या कार्ल क्रेगनं तिचं नवं रूप काढलं आणि त्यावर आणखी एक संस्कार केला तो बेसिक चॅनलनं. साखळी इथं पक्की जुळते. कागदावर नावं आहेत, साल आहे, तबकडी आहे. रायलीच्या खोडातून एक फांदी लंडनला गेली, तिच्यावर आमच्या बाबांचं नाव कोरलेलं आहे. भाच्याच्या रेकॉर्डकडे जाणारी फांदी दुसरी. ती अरणगाववरून जात नाही.

इलेक्ट्रोची वंशावळ तर वेगळीच: १९८२, न्यू यॉर्क, आफ्रिका बंबाटाचं ‘प्लॅनेट रॉक’, त्यात जर्मनीच्या क्राफ्टवेर्कची धून आणि रोलंड कंपनीचं टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र. पण हेच यंत्र त्याच वर्षी मुंबईतही वाजत होतं, हे इथं सांगायलाच हवं. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ८०८, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि एक सिंथेसायझर घेऊन भैरव, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर मुद्रित केले. ग्रामोफोन कंपनीनं रेकॉर्ड काढली. खपली नाही. २०१० मध्ये हॉलंडच्या एका छोट्या लेबलनं ती पुन्हा काढली आणि जग थक्क झालं, कारण शिकागोमध्ये ३०३ च्या त्याच आवाजावर उभं राहिलेलं अॅसिड हाउस १९८७ चं. लगेच मथळे झाले, की अॅसिड हाउस मुंबईत जन्मलं. पण शिकागोच्या पोरांनी सिंगसाहेबांची रेकॉर्ड ऐकली होती असा काहीच पुरावा नाही. आधी घडलं म्हणजे त्याच्यापासून घडलं, असं होत नाही. वर्गात हे मी पोरांना दरवर्षी सांगत असे आणि पोरं दरवर्षी परीक्षेत उलटं लिहीत. जपानहून आलेली तीच यंत्रं दोन शहरांत पोचली आणि दोन शहरांत हातांनी तेच केलं. सिंगसाहेबांचा मोठेपणा त्यानं तसूभर कमी होत नाही.

हे सगळं मी फोनवर भाच्याला सांगितलं. तो हिरमुसला नाही. म्हणाला, ‘‘मग नगरचं काहीच नाही का यात?’’

या प्रश्नानं मला माळ्यावर नेलं.

माळ्यावर दोन पत्र्याच्या ट्रंका आहेत. माझे थोरले मामा ऐंशीच्या दशकात नगरमध्ये कॅसेट भरून देण्याचं दुकान चालवत. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर वीस गाण्यांची यादी आणून देई. मामा साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर ती भरून देत. हे कायद्यात बसत नव्हतं. हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही येत नसे. पण मामांचा दुसरा धंदा होता आणि तो कायदेशीर, खरं तर अभिमानाचा होता. गावोगावची भजनी मंडळं, जागरण-गोंधळ करणारे, शाहीर, एखादे कीर्तनकार त्यांच्याकडे येत. मागच्या खोलीत रजया टांगून मुद्रण होई. पन्नास, शंभर, फार तर दोनशे कॅसेटी भरल्या जात. वरचा कागद एका रंगात छापून घ्यायचा. मग मढीच्या यात्रेत कानिफनाथांची गाणी, नवरात्रात मोहटादेवीची गाणी, शिर्डीच्या वाटेवर साईंच्या आरत्या विकायच्या. मोठ्या कंपन्यांच्या कॅसेटी बाजारात होत्याच. त्या दशकाच्या उत्तरार्धात आनंद शिंदे यांच्या पोपटाच्या गाण्यानं एस.टी. स्टँड दणाणून सोडला होता. पण मामांच्या ट्रंकेतल्या कॅसेटी त्या बाजारात कधी गेल्याच नाहीत. त्या ज्यांना हव्या होत्या त्यांच्यापुरत्या निघाल्या आणि त्यांच्यातच संपल्या.

लंडनच्या ‘हॅपी बर्थडे’शी आणि भाच्याच्या तीनशेपैकी एकशेबाराव्या प्रतीशी नातं असेल तर ते हे आहे. आवाजाचं नाही, रक्ताचं तर नाहीच. आपल्यापुरत्या मोजक्या प्रती काढण्याचं नातं. ‘हे कुणी कुणापासून घेतलं’ हा प्रश्न इथं लागूच पडत नाही.

फरक आहे तो नंतरचा. भाच्याची कॅसेट निघून आठवडा झाला नव्हता, तोवर जगभरच्या रसिकांच्या ‘डिस्कॉग्ज’ या सूचीत तिची नोंद झाली होती. किती प्रती, कागदाचा रंग, रेकॉर्डीच्या शेवटच्या मोकळ्या खाचेजवळ कोरलेली अक्षरंसुद्धा. ही सूची २००० साली सुरू झाली तीच मुळी इलेक्ट्रॉनिक संगीताच्या रेकॉर्डींसाठी. दुर्बोध लेबलांच्या या लोकांना आपण हरवून जाऊ याची धास्ती होती म्हणूनच की काय, त्यांनी सगळं लिहून ठेवलं. मामांच्या ट्रंकेत मात्र दोनशे चौदा कॅसेटी निघाल्या आणि त्यांतल्या एकीवरही साल नाही. गायकाचं नाव ‘आणि मंडळी’. पेटी-पखवाज कुणाचा, काही नाही. कागदावर दुकानदाराचा फोन पाच आकडी आहे की सहा आकडी, किंमत किती, आत वापरलेली कोरी कॅसेट कुठल्या कंपनीची, यावरून मी अदमासे काळ ठरवतो आहे. नाण्यांवरून राजे ओळखावेत तसं. मामा १९९८ मध्ये गेले. विचारायला उशीर झाला.

यातल्या एका कॅसेटबद्दल सांगायचं की नाही, याचा मी बराच विचार केला. तिच्यावर मामांच्या अक्षरात ‘अक्काच्या ओव्या’ लिहिलेलं आहे. अक्का म्हणजे माझी आई. १९८६ च्या सुमारास मामांनी बहिणीला मागच्या खोलीत बसवून जात्यावरच्या ओव्या गाऊन घेतल्या होत्या. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन टिकल्या असतात. त्या तोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. मामा प्रत्येक मूळ प्रतीच्या टिकल्या तोडत. घरच्या कॅसेटच्या मात्र तोडल्या नव्हत्या, घरात कोण हात लावणार म्हणून. मी लावला. नोकरीला नुकताच लागलो होतो, कोरी कॅसेट हाताशी नव्हती, रेडिओवर सिनेमातली गाणी लागली होती. मी त्या ओव्यांवर ती भरून घेतली. आईला पुढे कळलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘जाऊ दे, मी आहे की गायला.’’ ती गेली त्यालाही आता अकरा वर्षं झाली.

मी ही कॅसेट इतकी वर्षं लावली नव्हती. यंदा लावली. पहिली बाजू सगळी सिनेमाची. दुसऱ्या बाजूला रेडिओचा कार्यक्रम संपतो, निवेदिकेचा शब्द मध्येच तुटतो, खट असा आवाज येतो, आणि टेप संपायच्या आधी कशीबशी दोन मिनिटं राहतात. त्यात ओवी एकच आहे, तीही अर्धी. मग खोकला, आणि मामांना उद्देशून, ‘‘अण्णा, बास का आता? चुलीवर दूध आहे.’’ त्यानंतर नुसती खरखर.

भाच्याला ऐकवलं. त्यानं ते तीनदा लावलं आणि काही बोलला नाही. दुसऱ्या शनिवारी पुण्याहून चांगला कॅसेट डेक घेऊन आला. सांगितलं, की हेडचा कोन प्रत्येक कॅसेटला निराळा जुळवावा लागेल, कारण मामांचं यंत्र किंचित तिरकं भरत असावं. फिती चिकटल्या असतील तर आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्यायच्या, लगेच वाजवायच्या नाहीत. हे सगळं तो त्या तीनशे प्रती काढणाऱ्यांकडून शिकला आहे. दर शनिवारी चार-पाच कॅसेटी होतात. मी एका वहीत रकाने पाडले आहेत: कॅसेटवरचं शीर्षक, मंडळाचं गाव, फोनचे आकडे, किंमत, ऐकू येणारी वाद्यं, गायकानं मध्येच घेतलेली नावं. सालाचा रकाना बहुधा प्रश्नचिन्हाचा. आजवर एकोणसाठ झाल्या. साठावी पाथर्डी तालुक्यातल्या कुठल्याशा मंडळाची आहे, गावाचं नाव पाण्यानं पुसलं आहे, आणि एका गाण्यात कोरस पुढे जात असताना मागे रेल्वेची शिटी ऐकू येते. पाथर्डीला रेल्वे नाही. म्हणजे मुद्रण नगरला, मामांच्याच खोलीत. तेवढं नोंदवलं आहे.